पाच सुतांची भोकं

बाबा, तुमच्याशी सरळ बोलायची सवय मला तुम्ही होता तेव्हाही नव्हती. त्यामुळे आता लिहितानाही मध्ये कुणीतरी हवं असं वाटतंय. सासूबाई हव्यात, दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसलेल्या, मांडीवर तांदळाचं ताट घेतलेल्या. तुम्ही त्यांना सांगायचं, त्यांनी मला सांगायचं, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी असूनही तुमचं बोलणं ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. लग्न होऊन सेलूच्या घरी आले तेव्हा सासरा-सुनेच्या बोलण्याची ही रीत मला फार विचित्र वाटली होती. दिवसभर शाळेत साठ मुलांपुढे विज्ञान शिकवणारी मी, घरी आल्यावर डोक्यावर पदर घेऊन 'तिले सांग, चहा कमी गोड कर म्हणा' हे सासूबाईंच्या तोंडून ऐकायची. तुम्ही रागीट होता म्हणून नव्हे. तुम्हालाच माझा संकोच जास्त वाटत असावा. सुनेशी थेट बोलायचं नाही हे तुम्ही तुमच्या वडिलांकडून घेतलं होतं, आणि ते पटून घेतलं होतं की नुसतंच चालू ठेवलं होतं, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. असे बरेच प्रश्न राहून गेलेत. त्यातला एक गेल्या महिन्यापासून मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

सुरुवात माझ्या भावामुळे झाली. तो जहाजावर नोकरीला होता. एका खेपेला त्यानं कुठल्याशा बंदरातून आमच्या मुलीसाठी विजेवर चालणारी आगगाडी आणली. वीतभर लांबीचं इंजिन, तीन डबे आणि खोकंभर रूळ. मुलगी दोन दिवस खेळली आणि विसरली. तुम्ही मात्र ते इंजिन उलटं करून त्याची चाकं बोटानं फिरवत बराच वेळ ओसरीवर बसला होता. पुलगाव ते आर्वी या छोट्या लाइनीवर तुमची सगळी नोकरी गेली, गार्ड म्हणून. तुम्ही निवृत्त झालात आणि पाठोपाठ त्या लाइनीवरच्या गाड्याही कमी होत होत थांबल्या. घरात तुम्ही त्याबद्दल कधी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हणालात, "तिले विचार, याचे रूळ आणखी भेटतीन का?" भावानं पुढच्या खेपेला आणखी दोन खोकी आणली. तोवर तुमच्या डोक्यात सगळा बेत तयार होता: पुलगावपासून आर्वीपर्यंतची आख्खी लाइन, मधल्या स्टेशनांसकट, अठ्ठावीस फुटांत.

अठ्ठावीस फुटांची खोली आपल्या घरात नव्हती. फरशीवर रूळ मांडले तर फरशीच वरखाली, इंजिन चार हात जाऊन पडायचं. टेबल करावं तर पुढच्या खोलीत संध्याकाळी माझ्या शिकवणीची मुलं बसायची. मग तुम्ही असं ठरवलंत की लाइनीचे चार-चार फुटांचे सात तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे फळ्यांची एक चौकट, वर पातळ प्लायवूड, खाली सुटे पाय. हवं तेव्हा सातही जोडायचे, नको तेव्हा पलंगाखाली सरकवून द्यायचे. पाय काढले की तो तुकडा जेवायला बसायच्या पाटासारखा दिसायचा, म्हणून तुम्ही त्याला पाटच म्हणायला लागलात. एक पाट विरूळचा, एक रोहण्याचा. सुतारकाम तुमच्या हातात होतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात, ते नंदी गल्लीतल्या निम्म्या घरांना तुम्हीच करून दिलेले होते. लाकूड मिळेल ते घेतलंत. दोन पाट जुन्या दाराच्या सागाचे, तीन खोक्यांच्या देवदाराचे, दोन आंब्याच्या फळ्यांचे. सगळं लाकूड एकाच जातीचं का नाही, असं मी मनात म्हटलं होतं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

मला त्या कामात घेतलं कसं गेलं, ते मला नीट आठवत नाही. बहुतेक एका रविवारी फळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, मी धरलं, आणि पुढच्या रविवारी तुम्ही माझी वाट पाहत थांबला होता. माझे यजमान, म्हणजे तुमचे चिरंजीव, आठवडाभर नागपूरला अप-डाऊन करून थकलेले असायचे, रविवारी उठायचेच उशिरा. त्यामुळे अंगणात आपण तिघं. तुम्ही, मी, आणि मध्ये निरोप्या म्हणून सासूबाई. "तिले सांग, गुण्या दे म्हणा." सासूबाई सांगायच्या, "गुण्या दे वं." मी काटकोन पाहायचा तो गुण्या द्यायची. काही रविवारांनी सासूबाईंना या सगळ्याचा कंटाळा आला आणि त्या आत जायला लागल्या. आता आली पंचाईत. त्यावर तुम्ही असा तोडगा काढलात की तुम्ही लाकडाशीच बोलायला लागलात. रंधा मारता मारता फळीला सांगायचा, "इथं अजून सूतभर काढा लागते." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला फळीकडूनच कळलं. मीही फळीलाच विचारायला लागले, "आणि हे असं का?" फळी उत्तर द्यायची. इतकं काही शिकले मी त्या दिवसांत, आणि मजा वाटायची ती वेगळीच.

पाटाची दोन टोकं, म्हणजे 'तोंडं', सगळ्यात महत्त्वाची. एका पाटाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लागलं की रूळ समोरासमोर यायला हवेत. त्यासाठी तुम्ही सागाच्या फळीचा एक फर्मा केला होता, त्याच्यावर रुळांची जागा आणि बोल्टच्या दोन भोकांच्या जागा. प्रत्येक तोंडाची आखणी त्या एकाच फर्म्यावरून, दुसऱ्या पाटावरून कधीच नाही. नकलेवरून नक्कल केली की चूक वाढत जाते, हे मला लगेच पटलं. पटलं नाही ते भोकांचं. बोल्ट तीन सुतांचा, आणि तुम्ही गिरमिटानं भोक पाडलंत पाच सुतांचं. बोल्ट त्यात खुळखुळायचा. दोन पाट जोडताना तुम्ही बोल्ट सैल ठेवून, डोळा रुळाच्या रेषेत आणून, पाट तळहातानं जरा वर, जरा खाली असे ठोकत बसायचा, आणि मग मोठे वायसर लावून नट आवळायचा. एका जोडाला पाव तास. मला वाटलं, हातात कसब आहे पण काम ढिलं. इतका नेमका फर्मा करायचा आणि मग भोकं अशी पाडायची? हा एक प्रश्न मी फळीला विचारला नाही. तुमची चूक काढल्यासारखं होईल म्हणून.

मे महिन्यात तुम्ही दोघं आठ दिवस पवनारला तुमच्या बहिणीकडे लग्नाला गेलात. शाळेला सुट्टी होती. मी सातही पाट अंगणात काढले, लाकडाचा भुसा सरसात कालवून सगळी भोकं गच्च बुजवली, दोन दिवस उन्हात वाळू दिली, आणि तुमच्याच फर्म्यावरून, तुमच्याच गिरमिटाचं बारीक पातं लावून, नेमकी तीन सुतांची भोकं पाडली. हाताला फोड आले. वरून काळा रंग फिरवला. मग जोडून पाहिलं, तर बोल्ट असे सरकन जायचे आणि रूळ आपोआप समोरासमोर यायचे, की मी अंगणात एकटीच हसले. तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्हाला जोडताना आपोआप कळेल आणि बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं. इथं एक गोष्ट लिहिताना मला अजून लाज वाटते. रुळांमध्ये फट का ठेवतात, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारत होते. फळ्यावर चित्र काढून समजावत होते. आणि वैशाखातल्या उन्हात कोरड्या ठणठणीत झालेल्या लाकडात मी सुताचीही फट ठेवली नाही.

तुम्ही परत आलात, तीन पाट जोडून पाहिलेत, आणि ओसरीवरून सासूबाईंना म्हणालात, "चांगलं बसलं म्हणा तिले." मला वाटलं तुमच्या लक्षात आलंच नाही, आणि थोडी हिरमुसलेही. त्याच संध्याकाळी तुम्ही ठरवलंत की तान्ह्या पोळ्याला सगळी लाइन एकदा पूर्ण जोडायची. आमच्या शाळेची पडवी चाळीस फुटांची, नंद्यांची स्पर्धा तिथल्याच मैदानात भरायची, मुख्याध्यापकांची परवानगी मी काढली. छोट्या लाइनीवरचे तुमचे जुने सोबती बोलवायचे ठरले: ड्रायव्हर, रोहण्याचे स्टेशनमास्तर, रुळांच्या देखभालीवरचे दोघं. एवढी धावपळ तुम्हाला झेपेल का, असं सासूबाई म्हणाल्या, कारण तेव्हाच तुम्ही चार पायऱ्या चढून छातीवर हात ठेवून थांबत होता. तुम्ही त्यांना जे म्हणालात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "गार्ड शेवटच्या डब्यात बसते. साऱ्या जिंदगीत मी आपली गाडी बाहेरून चालताना पाह्यलीच नाई. एक डाव आर्वीपासून पुलगावपर्यंत पुरी पाह्यची हाये, बस." तेव्हा मला कळलं की हा खेळ नव्हता.

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला. मृगातच सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. हिंगणीचे पाहुणे सांगत आले की बोर धरण भरलं. तुम्ही रोज सकाळी दारात उभे राहून आभाळ पाहायचा आणि पेपरात पावसाची बातमी आधी शोधायचा. आपली कोरडवाहू चार एकर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेली होती, मला वाटलं तिचीच काळजी.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सातही पाट हातगाडीवरून शाळेत नेले. मैदानात मुलांचे नंदी जमायला लागले होते, कुणाच्या नंदीला झूल, कुणाच्या शिंगांना बेगड. पडवीत तुमचे सोबती खुर्च्यांवर बसले होते, चौघांनीही इस्त्रीचे कपडे घातलेले. पुलगावकडचे चार पाट जुळले, थोडं ठोकावं लागलं पण जुळले. आर्वीकडचे तीनही जुळले. चौथा आणि पाचवा मात्र समोरासमोर आणले तर भोकाला भोक लागेना. चौथा देवदाराचा, पाचवा सागाचा. देवदार पावसानं फुगून वर आला होता, साग तसा हलला नव्हता. बोल्ट अर्ध्यात जाऊन अडायचा. नुसते टेकवून पाहिले, तर एका बाजूचे रूळ सूतभर वर राहायचे आणि इंजिन तिथं येऊन उतरायचं. ते दिसल्याबरोबर मला कारण कळलं. पाच सुतांच्या भोकात हा फरक सहज मावला असता. कुणीतरी म्हणालं, घरून गिरमिट आणू का, दहा मिनिटांचं काम. तुम्ही हात हलवून नको म्हणालात. ड्रायव्हर जागेवरून उठले, वाकून जोड पाहिला आणि मोठ्यानं म्हणाले, "गार्डसाहेब, माप हुकलं वाटते." चौघंही हसले, वाईट हेतूनं नाही. तुम्ही म्हणालात, "हो. माझंच हुकलं, सूतभर." मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.

मग तुम्ही जे केलंत ते तुमच्या सोबत्यांना चांगलं ठाऊक होतं. पावसाळ्यात छोट्या लाइनीखालची माती वाहून गेली की तुम्ही दोन्ही बाजूंनी गाडी आणायचा आणि माणसं मधलं अंतर पायी चालून गाडी बदलायची. तुम्ही चौथ्या आणि पाचव्या पाटात हातभर जागा सोडलीत आणि स्वतः त्या जागेत उभे राहिलात. खिशातून घडी घातलेल्या दोन हिरव्या झेंड्या काढल्यात. एक स्वतःकडे ठेवलीत आणि दुसरी माझ्यापुढे धरून, माझ्याकडे पाहून, मध्ये फळी नाही की सासूबाई नाहीत, म्हणालात, "तू पलीकडून हिरवी दाखवजो, मी गाडी देतो." लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी पुलगावच्या टोकाला गेले. आर्वीहून गाडी निघाली, तुमच्यापाशी येऊन थांबली. तुम्ही इंजिन आणि डबे दोन्ही हातांनी उचलून पलीकडच्या रुळांवर ठेवलेत, मी झेंडी दाखवली, गाडी पुलगावला आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरांनी डोळे पुसले. पण तुम्ही मधोमध उभे होता. आर्वीपासून पुलगावपर्यंत अखंड जाणारी गाडी बाहेरून पाहायची होती, ती तुम्हाला दिसली नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी थेट बोलायला लागलात, आणि सासूबाईंना आपण निवृत्त झाल्याचा आनंद झाला. उन्हाळ्यात पुन्हा लावू, असं तुम्ही मला स्वतः म्हणालात. मी रोज ठरवायची की आज सांगू, भोकं मी बुजवली होती. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. नंतर दोन वर्षं मी त्या देवदाराच्या तोंडाची उंची दर महिन्याला मोजून वहीत लिहिली. मे आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ एका सुताचा फरक येत होता, सागात त्याच्या निम्माही नाही. विज्ञानाची बाई असून हा एवढासा प्रयोग करायला मला तुमचं मरण लागलं, याचं दुःख आहे मला, आणि रागही आहे.

इथवरचं मला माहीत होतं. गेल्या महिन्यात सासूबाई आणि मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्यांचं हल्ली मनात येईल तिथून बोलणं सुरू होतं. त्या एकदम म्हणाल्या, "तू भोकं बुजवले होते, ते त्यायले मालूम होतं माय. पवनारहून आल्याबरोबर त्यायनं बोट घालून पाह्यलं." त्या पुढे सांगत होत्या, जणू कालची गोष्ट. "मी म्हटलं, मंग करा नं मोठे. तं म्हणे, तिनं हाताले फोड येऊस्तोवर केलं हाये, मी काऊन मोडू? पाऊस कमी पडला तं बसते बरोबर."

पाऊस कमी पडला तर. बाबा, म्हणजे ते सकाळचं आभाळ पाहणं शेतासाठी नव्हतं. सगळा तालुका पाऊस दे म्हणत होता, बटाईदार रोज येऊन आनंदानं सांगत होता, आणि तुम्ही दारात उभे राहून, जरा कमी पड रे, असं म्हणत होता? मला हे खरंच विचारायचंय. तुम्हाला त्याची लाज वाटत होती का? मी शाळेत असताना तुम्ही गुपचूप भोकं मोठी करू शकला असता, मला कळलंही नसतं. की मला नक्की कळेल, असं तुम्हाला वाटलं? गिरमिट आणायला नको म्हणालात ते माझ्यासाठीच ना, सगळ्यांदेखत माझं काम उकरायला नको म्हणून? आणि एवढं सगळं करण्यापेक्षा मला एकदा सांगणं सोपं नव्हतं का? लाकडाला सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. मी या प्रश्नांची उत्तरं मांडून पाहते आणि प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी येतं. कधी वाटतं, तुम्ही खेळलेला तो जुगार होता आणि तुम्हाला त्यात गंमत वाटत होती. कधी वाटतं, सुनेला चूक दाखवायची रीतच तुमच्याकडे नव्हती, सासूबाईंच्या तोंडून सांगण्याइतकं ते छोटं नव्हतं, आणि थेट सांगण्याइतके आपण जवळचे नव्हतो. यातलं खरं कोणतं ते मला कळणार नाही, आणि न कळणं मला फार जड जातं, हे तुम्हाला माझ्याबरोबर फळी धरताना कळलंच असेल.

आता राहिलेलं एक सांगते. त्या दिवसाची गोष्ट तुमचे चिरंजीव फार रंगवून सांगतात. आमच्या बाबांचं माप साऱ्या जन्मात एकदाच चुकलं, आणि तेही पाहुण्यांदेखत, असं. इतकी वर्षं मी ती ऐकत आले आणि गप्प राहत आले. परवा लेकीच्या सासरची मंडळी आली होती. तुमच्या चिरंजीवांनी ती पुन्हा सांगितली. सगळे हसले. व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "खरंच का हो?" शेंगा सोलताना ऐकलेलं सगळं माझ्या मनात ताजं होतं. मी म्हणाले, "हो ना, सूतभर चुकलं होतं," आणि चहा टाकायला आत गेले. हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, ते मला समजतं. पण ज्यांच्यापर्यंत जाऊ शकतं ते तुमचे चिरंजीव आत्ता पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, आणि त्यांनाही मी ते देणार नाही.